सोमलिंगची चिठ्ठी

गेल्या येळवशीला मी सतरा शेतांत ऊसतोडीच्या टोळ्या पाठवल्या. सकाळी सहाला, कोयत्यांसकट, कारखान्याच्या चिठ्ठीसकट.

लांबच्या वाचकाला यात काय बिघडलं ते कळायचं नाही, म्हणून सांगतो. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. त्या दिवशी इथल्या भागात गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करतात, चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, आंबील आणि पालेभाज्या-शेंगांची भज्जी घेऊन सगळं खानदान शेतात जेवायला बसतं. जमीन गर्भार आहे, तिचे डोहाळे पुरवायचे, असा तो दिवस. त्या दिवशी उभ्या पिकाला कुणी विळा लावत नाही. आणि माझ्या सतरा टोळ्या कोयते परजत बांधावर हजर.

टोळ्या बीडकडच्या. त्यांना ती साधी अमावस्या. काही ठिकाणी मालक यायच्या आधीच तोडणी सुरू झाली. मालक आले, आरडाओरडा झाला, आणि मग इथली दुसरी रीत आडवी आली: येळवशीला शेतात जो येईल त्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही. ज्यांनी सकाळी शिव्या दिल्या त्यांनीच दुपारी वाढलं. टोळ्या आंबील पिऊन कोपीच्या सावलीला आडव्या झाल्या. इकडं कारखान्यात ऊस टाकायची गव्हाण रिकामी पडली आणि ऊस संपल्याचा भोंगा झाला. साडेचार तास कारखाना बंद. (कारखान्याचं नाव लिहीत नाही. मी अजून तिथंच नोकरीला आहे.)

मी शेतकी खात्यातला कॉम्प्युटर ऑपरेटर. वाशीत शाळा, धाराशिवात बीसीए, आणि दोन वर्षांपासून इथं हंगामी. आमच्या वाशीकडं येळवशीचा एवढा जोर नाही, हे कारण मी नंतर ज्याला त्याला सांगत फिरलो. कुणी ऐकून घेतलं नाही, कारण विचारायचा प्रश्न तो नव्हताच. कुणाचा ऊस कधी तोडायचा हे मी ठरवत नाही. ते प्रोग्रॅम ठरवतो. आणि तो प्रोग्रॅम सोमलिंग अप्पांचा.

प्रत्येक चिठ्ठीच्या तळाला बारीक अक्षरात छापलेलं असतं: ‘प्रोग्रॅम : सोमलिंग, मुरूम’. अठ्ठावीस वर्षं. त्यामुळं शेतकरी तिला तोडणीची चिठ्ठी म्हणतच नाहीत. “सोमलिंगची चिठ्ठी आली का?” असं विचारतात. चेअरमन चार बदलले, चिठ्ठीवरचं हे नाव बदललं नाही. कुणाचा वशिला त्या चिठ्ठीपुढं चालत नाही, असा तिचा लौकिक. येळवशीच्या संध्याकाळी मात्र पारापारावर एकच वाक्य होतं: सोमलिंगची चिठ्ठी चुकली.

अप्पा मूळ मुरूमचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि कॉम्प्युटरशी इंग्रजी. कारखान्यात टाइमकीपर म्हणून लागले. कॉम्प्युटर आला तेव्हा तो खोक्यातच चार महिने राहिला, कारण उघडून बिघडला तर सही कुणाची, हे ठरत नव्हतं. अप्पांनी सही केली. सोबत कंपाइलर आला होता. कंपाइलर म्हणजे आपण लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देणारा दुभाषी. त्याच्याबरोबर तीन जाडजूड पुस्तकं होती. अप्पांनी त्यांना शाळेच्या वह्यांसारखी खाकी कव्हरं घातली आणि दोन हंगाम वाचून काढली. अजून ती त्यांच्या कपाटात आहेत, समासात कानडीत टिपणं लिहिलेली.

“तम्मा,” ते मला सांगायचे. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, मी त्यांच्या मुलीहून लहान असलो तरी. “पहिल्या व्हर्जनला तीन पुस्तकं. दुसऱ्याला एक. तिसऱ्याला नुसती सीडी. आता म्हणतात वेबसाइट बघा. पुस्तक जाड हुतं तवा कंपनीला वाटायचं, गिऱ्हाईक वाचील. आता त्यांनी आशा सोडली.”

“तुम्ही भाषाच बदला की अप्पा. नव्या चांगल्या आल्यात.”

“आमची श्रीदेवी बी पुण्यातनं हेच सांगती. म्हणती, अप्पा, ती भाषा मेली. मी म्हटलं, मेलेली भाषा रोज तीन हजार टन ऊस आणती व्हय?”

कंपाइलरच्या कंपनीशी त्यांचं भांडण म्हणजे एका बाजूनं चाललेला संसार होता. प्रत्येक नवी आवृत्ती काहीतरी काढून घ्यायची. एकीनं त्यांची आवडती आज्ञा काढली, दुसरीनं जुन्या फाइली वाचायचं बंद केलं, तिसरीनं दरवर्षी नव्यानं परवाना मागायला सुरुवात केली. आणि एका आवृत्तीच्या जाहिरातीत ‘आता मराठीसह’ असं आलं, तेव्हा अप्पांनी म्हणे ऑफिसात पेढे वाटले. तोवर त्यांनी मराठी नावं छापायला स्वतःची अक्षरं स्वतः बसवली होती, एकेक ठिपका मोजून. नव्या मराठीत पहिलीच चिठ्ठी काढली, तर शिवलिंग नावाच्या शेतकऱ्याच्या दोन्ही वेलांट्या अक्षरं सोडून पलीकडं जाऊन बसलेल्या. अप्पांनी पत्र लिहिलं. उत्तर आलं की मराठीची सोय हिंदीच्या सोयीत समाविष्ट आहे, हिंदीत अडचण असल्यास कळवावे.

अशी एकतीस पत्रं त्यांच्या फायलीत आहेत, प्रत्येकाला जावक क्रमांक. उत्तरं चार. त्यातली तीन ‘आपले म्हणणे योग्य विभागाकडे पाठवले आहे’ अशी. अप्पा अठरा वर्षांपूर्वीच्या आवृत्तीवर थांबले ते त्यामुळं. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले, तरी तिच्यासकट एक जुना कॉम्प्युटर आमच्या ऑफिसात कापडाखाली झाकून ठेवून गेले. मला एवढंच सांगितलं: “ह्याच्यावर चिठ्ठ्या तेवढ्या काढायच्या, आतल्या कशाला हात लावायचा न्हाय. बाकी ऑफिस पेटव.”

मी दिवाळीत हात लावला.

कॉम्प्युटर सारखा अडकायचा, हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे मला काहीतरी करून दाखवायचं होतं. नव्या मशीनवर कंपनीची नवीकोरी आवृत्ती टाकली, अप्पांचा प्रोग्रॅम तिच्यातून काढला, आणि पडद्यावर वॉर्निंगांची रांग लागली. दोनशे चौदा. हा शब्द आता जुना झाला, ही पद्धत आता शिफारस केलेली नाही, इथं मोकळी जागा जास्त आहे. पंधरा वाचल्या, मग एका चौकटीत बरोबरची खूण केली: वॉर्निंग दाखवू नका. पडदा एकदम स्वच्छ. चिठ्ठ्या भराभर निघायला लागल्या. शेतकी अधिकारी पडवळ साहेबांनी खांद्यावर हात ठेवून “शाब्बास बिरू” म्हटलं. आठ आठवडे मी त्या शाब्बासकीवर काढले.

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात मी एकटाच होतो. एक बाई आल्या. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, एका हातात चिठ्ठी आणि दुसऱ्या हातात मातीची बिंदगी. बिंदगी म्हणजे आंबिलीचं लहान मडकं.

“सोमलिंग अप्पा कुठायत?”

“येतायत. साहेबांनी बोलावलंय. काय काम होतं मावशी?”

“मी दैवशाला. माझ्या तीन सऱ्या तोडल्या काल तुमच्या लोकांनी. पांडव मांडायच्या आधी.” आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. “अकरा माणसं जेवू घातली, त्याचं काय न्हाय. जेवून गेली, बरंच झालं. पर येळवशीला कोयता लागला माझ्या शेताला. हे कसं झालं, ते अप्पाला इचारायचंय.”

आणि मी म्हणालो, अगदी सहज, जिभेला हाड नसल्यासारखं: “अप्पांचा प्रोग्रॅम जुना झालाय, मावशी. जुनं कधीतरी दगा देणारच.”

त्यांनी चिठ्ठी घडी घालून कमरेला खोचली. “आमचे सासरे वारले त्या साली ऊस तोडीला आला हुता. आमी दुखात. मी म्हटलं गेली पाळी. तर तेराव्याच्या दुसऱ्या दिशी चिठ्ठी आली, पहिल्या नंबरची. अप्पानं पाळी धरून ठिवली हुती. कुणी सांगाया गेलं नव्हतं.” मग बिंदगी माझ्या टेबलावर ठेवली. “कालची आंबील हाय. त्यास्नी द्या. म्हणावं, चुकतं माणसाचं. आन् बिंदगी रिकामी धाडू नका, आमच्यात चालत न्हाय.”

त्या गेल्यावर मला प्रोग्रॅमातली सुतकाची आज्ञा आठवली. घरात मयत झाली की पाळी तेरा दिवस थांबवायची आणि परत पहिल्या नंबरला लावायची. गंमत म्हणजे अप्पा लिंगायत. त्यांच्या धर्मात सुतक पाळत नाहीत. स्वतःला नसलेलं दुसऱ्यांचं दुःख त्यांनी सात ओळींत लिहून ठेवलं होतं.

आंबील अप्पांना दिली. निम्मी आधी मी प्यालो होतो. निरोप पूर्ण दिला, माझं वाक्य सोडून.

पडवळ साहेबांनी दुपारी दोघांना बोलावलं. “अप्पा, बोर्ड माझ्या मागं लागलंय. पुण्याचा एक माणूस सोमवारी तयार पॅकेज घेऊन येतोय. तवर काय बिघडलं ते सापडलं तर ठीक. न्हायतर तुमच्या प्रोग्रॅमला आता हार घालू.”

“सापडंल,” अप्पा म्हणाले. मी बुटाकडं बघत होतो.

येळवस कुठल्या तारखेला येते हे अप्पांचा प्रोग्रॅम स्वतः मोजतो. कॅलेंडरात बघून तारीख टाकायची सोय त्यांनी मुद्दाम ठेवली नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी एक कारकून ती टाकायला विसरला होता. तेव्हा ते नळदुर्गला पंचांग जाणणाऱ्या वीरप्पा जंगमांकडं सहा रविवार बसले, चंद्रसूर्याचं गणित शिकले आणि चाळीस ओळींत उतरवलं. त्यानंतर एकही येळवस चुकली नव्हती. आता त्याच चाळीस ओळींचा कागद समोर घेऊन ते तांबड्या पेन्सिलीनं एकेक ओळ तपासत होते. गणित बरोबर होतं. पुन्हा तपासलं. बरोबरच होतं. रिटायर झालेला माणूस तीन दिवस सकाळी आठला डबा घेऊन येत होता, आणि मी त्याला चहा आणून देत होतो. चहा चांगला आणला, एवढं माझ्या बाजूनं लिहितो.

शनिवारी दुपारी त्यांनी पेन्सिल ठेवली. “तम्मा, माझ्या मशीनवर ह्या सालची येळवस काढून बघू. कापड काढ.”

कापड काढलं. जुन्या मशीननं येळवस बरोबर दाखवली: एकोणीस. माझ्या मशीनवर तोच प्रोग्रॅम, तेच आकडे: वीस.

अप्पा दोन्ही पडद्यांकडं आळीपाळीनं बघत बसले. मग न वळता विचारलं, “वॉर्निंगा किती आल्या हुत्या?”

“कुठल्या?”

“बिरू.”

तम्मा नाही, बिरू. “दोनशे चौदा,” मी म्हणालो.

“वाचल्यास?”

“पंधरा.”

“मग?”

“बंद केल्या.”

त्यांनी त्या परत चालू करायला लावल्या, आणि बोट ठेवून एकेक वाचल्या. एकशे त्रेसष्टावी होती ती: इथं मूल्य बदलू शकते. जुना दुभाषी दशांशाच्या पुढचं कापून टाकायचा. एकोणीस पूर्णांक सहा म्हणजे एकोणीस. नवा अर्ध्याच्या वर गेलं की पुढच्या अंकाला ढकलतो. एकोणीस पूर्णांक सहा म्हणजे वीस. कंपनीच्या पत्रकात त्याबद्दल एक ओळ होती: ‘आकडेमोड आता अधिक अचूक’.

मला वाटलं होतं अप्पा हसतील, कंपनीला चार शब्द सुनावतील आणि आम्ही दोघं एका बाजूला होऊ. तसं झालं नाही. ते माझ्याशी बोललेच नाहीत. डबा भरला, व्हरांड्यात जाऊन घरी इरम्माकाकूंना फोन लावला आणि कानडीत बराच वेळ बोलले. मला त्यातला एकच शब्द कळला, कत्ते. कत्ते म्हणजे गाढव. तो तीनदा आला. शेवटी मात्र त्यांनी मराठीत एक वाक्य म्हटलं, बहुधा मला ऐकू जावं म्हणून नसेल: “दोनशे तेरा वेळा उगंच वरडायचं आन् एकदा खरं. मी असतो तर एकशे त्रेसष्टावर पोचलो असतो का, देव जाणे.”

रविवार माझा वाईट गेला. अप्पा साहेबांना खरं सांगतीलच, असं मी धरून चाललो होतो. आणि नाही सांगितलं तर? तर चूक सापडली एवढंच म्हणतील, ती कुणाची हे हवेत राहील, आणि हवेतली चूक चिठ्ठीवर ज्याचं नाव आहे त्याच्या डोक्यावर उतरते. गावानं ती आधीच उतरवली होती. दैवशाला मावशींपुढं तर मी स्वतः उतरवली होती.

सोमवारी पुण्याचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉप, गोड आवाज. पडवळ साहेबांनी विचारलं, “अप्पा, काय सापडलं?” अप्पा माझ्याकडं बघत नव्हते. खिडकीतून बैलगाड्यांच्या रांगेकडं बघत होते.

“साहेब, अप्पांच्या प्रोग्रॅमात काही चुकलेलं नाही,” मी उठून म्हणालो. “मी दिवाळीत कंपाइलर बदलला. न विचारता. वॉर्निंग बंद केल्या. त्यातच ती होती.”

“आन् हे आज सांगतोस?”

“हंगामी आहे, साहेब.”

“हंगाम संपायच्या आधी संपवू का तुला?” साहेब म्हणाले. पण टेबलाच्या टोकाला कुणीतरी हसलं, आणि तेवढ्यानं ती वेळ निभावली.

पुण्याच्या माणसानं मग त्याचं पॅकेज दाखवलं. छान होतं, खोटं कशाला बोलू. रंगीत नकाशे, मोबाइलवर चिठ्ठी. येळवशीचं काय, विचारल्यावर सुट्ट्यांची एक यादी दाखवली, दरवर्षी हातानं भरायची. सुतकाचं विचारल्यावर त्यानं तीच यादी पुन्हा उघडली. अप्पांनी त्याला फक्त एकच प्रश्न केला.

“खालचा कंपाइलर बदलला की काय करता?”

“काहीच करावं लागत नाही सर. आपोआप अपडेट होतं. तुम्हाला कळतसुद्धा नाही.”

“व्हय,” अप्पा म्हणाले. “तेच.”

पडवळ साहेबांनी निकाल दिला. हा हंगाम अप्पांच्याच प्रोग्रॅमवर, जुन्या मशीनवर. पुढच्या हंगामाचं बोर्ड बघेल. ते पुण्याचं पॅकेजच बघेल, हे आम्हां तिघांनाही ठाऊक होतं.

अप्पांनी दुरुस्ती एका ओळीत केली. जे आधी न सांगता व्हायचं ते आता स्पष्ट सांगून करून घ्यायचं: पुढचं काप. कुठलीही आवृत्ती येवो, कापावंच लागेल. पण नंतर त्यांनी एक गोष्ट केली जी कुणी सांगितली नव्हती. चिठ्ठीच्या तळचं स्वतःचं नाव काढलं. “सगळ्या वळी तपासून हुईस्तोवर न्हाय छापायचं,” म्हणाले. आठ दिवस चिठ्ठ्या बिननावाच्या गेल्या. तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. चिठ्ठी खरी का? सोमलिंगनं सोडलं का? एकानं तर बिननावाच्या चिठ्ठीवर तोडणीच करू दिली नाही. अप्पा फोनवर “व्हय, मीच हाय” एवढंच सांगायचे, आणि ठेवल्यावर उगीच चष्मा पुसायचे. तशाच चुकीच्या आणखी दोन जागा सापडल्या, उसाचं वय मोजण्याच्या. नवव्या दिवशी नाव परत आलं. मी परत तम्मा झालो, पण ते आणखी दोन आठवड्यांनी.

कंपनीला बत्तिसावं पत्र मी टाइप केलं, अप्पांनी सांगितलेलं. त्यात तक्रार एकच होती: बदल करा, पण एवढा मोठा बदल दोनशे चौदांत एकशे त्रेसष्टावा का सांगता? जावक क्रमांक घातला. सहा मिनिटांत उत्तर आलं की आपली तक्रार सोडवली असून बंद करण्यात येत आहे, समाधानासाठी पाचपैकी तारे द्यावेत. अप्पांनी ते छापून फायलीत लावलं. “सहा मिनटं,” म्हणाले. “सुधारणा हाय.”

आता ते रोज येतात आणि प्रोग्रॅमातले नियम साध्या मराठीत वहीत लिहितात. सुतकाचा, येळवशीचा, ओढ्यापलीकडच्या शेतांना पूर येण्याआधी पाळी द्यायचा. एकूण अठ्ठेचाळीस. पुढच्या हंगामाला जो कुणी येईल त्याच्यासाठी. “ह्याला दुभाषी लागत न्हाय,” म्हणाले. त्यांचं अक्षर बघता मला ते पटलेलं नाही, म्हणून मी शेजारी बसून सुवाच्य प्रत काढतो.

राहता राहिली बिंदगी. ती माझ्या टेबलावर आहे, धुऊन ठेवलेली. रिकामी न्यायची नाही म्हणून आधी गुळाचा विचार केला, मग शेंगांचा. दैवशाला मावशींचं शेत ऑफिसपासून चार किलोमीटरवर. त्यांची तोडणीची चिठ्ठी बरोबर तारखेला गेली, ती मीच छापली. वाहनही त्यांच्याच रस्त्यानं जात होतं, ड्रायव्हर म्हणाला चल. गूळ तयार होता. पण गुळाबरोबर एक वाक्यही न्यावं लागणार होतं, की दगा अप्पांच्या प्रोग्रॅमनं दिला नव्हता, मावशी. ड्रायव्हरला म्हटलं, आज काम आहे. गूळ ऑफिसात वाटला.

हंगाम संपून दीड महिना झाला, वहीच्या कामासाठी साहेबांनी मला ठेवून घेतलंय. अप्पा येता-जाता बिंदगीकडं बघतात. सध्या तिच्यात मी पेनं ठेवतो.